गिअरबॉक्समधील अ‍ॅक्सलचे ऑइल सील : गळती, तिची कारणे आणि दुरुस्ती

व्यापाऱ्याचा मोटारगाडीशी असलेला संबंध हौसेचा थोडा आणि गरजेचा फार. सकाळची वसुली, बाजारपेठेतील खेप, परगावचे लग्नकार्य, सहकुटुंब तीर्थयात्रा, या साऱ्यांसाठी दारातली गाडी वेळेवर निघावी, एवढीच आपली तिच्याकडून अपेक्षा असते. तिच्या पोटात काय चालले आहे याची चौकशी आपण सहसा करीत नाही. अशा गाडीखाली एखाद्या सकाळी फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग दिसतो. नोकर तो पुसून टाकतो, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उमटतो, आणि पुढे पुढे घरातल्या सर्वांनाच त्याची सवय होऊन जाते. दुकानाच्या गल्ल्यातून रोज एक रुपया नाहीसा होऊ लागला तर आपण आठ दिवसांत त्याचा छडा लावू; पण गाडीखाली रोज गळणाऱ्या थेंबांचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नाही. या लेखात आम्ही त्या थेंबांच्या एका नेहमीच्या उगमाविषयी, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या ऑइल सीलविषयी लिहावयाचे योजिले आहे. सभासदांनी हाती पाना घेऊन गाडीखाली शिरावे, असा आमचा आग्रह नाही. परंतु काम काय आहे, ते कसे व्हावयास हवे आणि कोठे बिघडते, हे मालकाला ठाऊक असले म्हणजे मिस्त्रीशी बोलणे सोपे होते आणि बिलातला आकडाही वाचता येतो.

जुन्या पिढीच्या सभासदांना अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्या आठवत असतील. त्यांचे इंजिन व गिअरबॉक्स पुढे असे, त्यातून निघालेला लांब शाफ्ट गाडीच्या पोटाखालून मागे जाई आणि मागच्या आसातील डिफरन्शियल मागची चाके फिरवी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांना जोर देणारी रचना आपल्याकडे घरोघर पोचली. आजच्या बहुतेक छोट्या गाड्या याच रचनेच्या आहेत. यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल ही दोन्ही अंगे एकाच ॲल्युमिनियमच्या पेटीत, एकाच तेलात बुडालेली असतात. या पेटीच्या डाव्या व उजव्या अंगास एकेक भोक असते व त्यातून एकेक ड्राइव्ह शाफ्ट निघून त्या त्या बाजूच्या पुढच्या चाकास जातो. आपले मिस्त्री लोक यालाच अ‍ॅक्सल म्हणतात.

आता अडचण अशी की, शाफ्ट तर फिरत राहिला पाहिजे, आणि आतले तेल तर बाहेर येता कामा नये. भोक घट्ट बुजवावे तर शाफ्ट फिरणार नाही; सैल ठेवावे तर तेल टिकणार नाही. या पेचातून वाट काढणारी लहानशी वस्तू म्हणजे ऑइल सील. बाहेरून पाहता ती लोखंडी कड्यासारखी दिसते. हे कडे पेटीच्या भोकात घट्ट ठोकून बसविलेले असते. कड्याच्या आतल्या बाजूस रबराची पातळ धार असते, तिला सीलचा ओठ म्हणतात. ओठाच्या पाठीमागे केसासारख्या बारीक तारेची गोल स्प्रिंग असते. ती ओठाला शाफ्टवर सदैव हलकेच दाबून धरते. बाहेरच्या अंगास बहुधा आणखी एक छोटा ओठ असतो, तो धूळ व चिखल अडवितो. ओठ आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर राहतो आणि त्या थरावर शाफ्ट फिरतो. म्हणजे सील पूर्ण कोरडे असणे हेही बरे नव्हे. कोरडा ओठ थोड्याच वेळात जळून जातो.

प्रारंभी असली सील चामड्याची करीत असत. जर्मनीत वाइनहाइम येथे १८४९ पासून चामडे कमाविण्याचा धंदा करणाऱ्या फ्रॉइडेनबर्ग या कारखान्याने मोटारींसाठी अशी सील करण्यास आरंभ केला, आणि १९३० च्या दशकात त्याच कारखान्याने चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आणले. चामड्याच्या व्यापारापासून दूर राहणाऱ्या आपल्या समाजातील वाचकांना हे जाणून बरे वाटेल की, आज गाडीतील ऑइल सील रबराचेच असते. अर्थात हा बदल धर्मबुद्धीने नव्हे, तर उष्ण तेलात रबर अधिक टिकते म्हणून झाला.

गाडीखाली डाग दिसला म्हणजे तो अ‍ॅक्सलच्या सीलचाच, असे धरून चालू नये. इंजिनचे तेल वापरून काळे पडलेले असते. रेडिएटरचे पाणी हिरवे वा गुलाबी, पातळ आणि किंचित गोड वासाचे असते. एअर कंडिशनरखाली पडणारे स्वच्छ पाणी हा तर दोषच नव्हे, तरी त्यासाठी गाडी गॅरेजात नेणारे लोक आम्ही पाहिले आहेत. गिअर ऑइल मधासारखे पिवळे-तपकिरी व दाट असते, आणि त्याला गंधकाचा उग्र दर्प येतो; एकदा हुंगलेला हा वास माणूस विसरत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बहुधा लालसर असते. शाफ्टच्या जॉइंटवरील रबरी बूट फाटला म्हणजेही चाकाच्या आतल्या बाजूस घाण उडते, परंतु ती काळ्या, घट्ट ग्रीसची असते, तेलाची नव्हे. तेव्हा रात्री गाडीखाली जाड पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळी थेंबाचा रंग, वास आणि जागा पाहावी.

जागा पाहताना एक खबरदारी हवी. चालत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे ढकलले जाते व खाली ओघळते, म्हणून थेंब जेथे पडतो तेथेच गळती आहे असे नाही. पेटीचे बाहेरचे अंग रॉकेलने वा डिझेलने स्वच्छ पुसून, गाडी दहा-वीस किलोमीटर फिरवून, मग बॅटरीच्या उजेडात पाहिल्यास सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली जागा हीच उगमाची जागा असे समजावे. शाफ्ट पेटीत शिरतो तेथेच ओल असेल तर सील गेले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखालून तेल गळत असेल तर दोष निराळा. तेथे इंजिनचे मागचे सील किंवा गिअरबॉक्सच्या तोंडाचे सील पाहावे लागते, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. या दोन कामांच्या मजुरीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, म्हणून निदानाची घाई करू नये.

सील का जाते, हा प्रश्न आमच्या मते या सर्व प्रकरणातील मुख्य प्रश्न होय, आणि तोच गॅरेजात क्वचित विचारला जातो. सील गेले, नवे घातले, पैसे दिले. सहा महिन्यांनी पुन्हा गळती. असे झाले की मालक मिस्त्रीला दोष देतो, मिस्त्री सुट्या भागांच्या दुकानदाराला दोष देतो, आणि खरे कारण पेटीतच राहते.

वयोमानाने जाणारे सील हे सरळ प्रकरण आहे. अनेक वर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते, ओठाला चिरा पडतात, स्प्रिंगचा दाब ढिला होतो. असे सील काढून दोन बोटांत दाबले तर कळते. नव्याचा ओठ मऊ असतो, जुन्याचा वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखा टणक झालेला असतो. येथे सील बदलले की काम संपले.

परंतु सील तरुण असताना गळू लागले तर आणखी खोल पाहावे लागते. गिअरबॉक्सच्या माथ्यावर एक बारीक नळी वा टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. गाडी चालू लागली की आतील तेल तापते, हवा फुगते आणि ती या वाटेने बाहेर जाते. ही वाट चिखलाने वा धुळीने बुजली तर फुगलेली हवा दुसरी वाट शोधते, आणि सर्वांत नरम वाट म्हणजे सीलचा ओठ. बेळगावहून चोरला घाटाने गोव्याकडे नित्य जाणाऱ्या गाड्या पावसाळ्यात लाल चिखलाने माखून निघतात. अशा गाडीचा ब्रीदर पाहिल्यावाचून सील बदलणे हे छपरातील भोक न बुजविता खालची फरशी पुसण्यासारखे आहे. आमच्या परिचयातील एका गृहस्थांच्या गाडीचे एकाच बाजूचे सील वर्षात तीनदा बदलले गेले. चौथ्या मिस्त्रीने ब्रीदरमधील वाळलेली माती तारेने काढली, नवे सील घातले, आणि गळती थांबली. याच ब्रीदरचे उलटे दुखणेही आहे. तापलेला गिअरबॉक्स पुराच्या पाण्यात एकदम गार झाला म्हणजे आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. तेल दुधी, फेसाळ दिसले तर पाणी शिरले असे समजून सर्व तेल बदलावे.

दुसरे कारण शाफ्टवरील खोबणी. ओठ एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे घासत राहिल्याने, विशेषतः त्याखाली धुळीचे कण सापडल्याने, शाफ्टच्या चकचकीत पृष्ठावर बारीक घळ पडते. रबरासारखी नरम वस्तू पोलाद झिजविते हे आश्चर्यच. पण खरे कापतो तो ओठात रुतलेला कण. घळ नखाला लागत असेल तर नवे सीलही तेथे बसणार नाही. अशा वेळी घळीवर पोलादाची पातळ बाही चढविता येते, किंवा कारखान्याची पुस्तिका परवानगी देत असेल तर नवे सील एक-दोन मिलिमीटर आत-बाहेर बसवून ओठाला ताजी जागा देता येते. नाहीपेक्षा शाफ्टचा तो भाग बदलावा लागतो. तिसरे कारण डिफरन्शियलचे बेअरिंग झिजणे. शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहिल्यास त्यात ठळक खेळ लागतो. असा डुलणारा शाफ्ट कोणतेही सील टिकू देत नाही, आणि येथे केवळ सील बदलणाऱ्याने मालकाचे पैसे वाया घालविले असेच म्हणावे लागेल. चौथे कारण तेल प्रमाणाबाहेर भरणे. हे वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटेल, पण अधिक भरले म्हणजे अधिक चांगले अशी समजूत असलेले लोक गिअरबॉक्सच्या बाबतीतही आढळतात.

दुर्लक्ष केल्यास काय होते? छोट्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये सुमारे दोन लिटर तेल असते, आणि इंजिनप्रमाणे तेथे तेल कमी झाल्याचा लाल दिवा बहुधा नसतो. रोज थेंब थेंब गळत राहिले तर कालांतराने पातळी धोकादायक खाली जाऊ शकते. कित्येक गाड्यांत पाचवा गिअर पेटीच्या एका टोकास, निराळ्या झाकणाखाली असतो. तेल कमी पडले की पहिला उपास त्यालाच घडतो. प्रथम वेगात असताना घरघर ऐकू येते, मग गिअर अडखळत पडतो, आणि शेवटी बेअरिंगे व दाते उखडतात. सील काही शे रुपयांत येते. गिअरबॉक्सची पुनर्बांधणी त्याच्या कितीतरी पटीने जाते, आणि तोवर गाडी दिवसेंदिवस गॅरेजात उभी असते ते वेगळेच.

ईको व्हॅन आणि बहुतेक छोटे मालवाहू टेम्पो यांचा जोर आजही मागच्या चाकांना असतो. त्यांत सील मागच्या चाकाजवळ असते आणि तेथून गळलेले तेल थेट ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. तेलाने माखलेली ब्रेकची लायनिंग पकड धरीत नाही. एका चाकाने धरले आणि दुसऱ्याने सोडले तर भरलेला टेम्पो घाटात एका बाजूस ओढला जातो. मागच्या चाकाच्या आतील बाजूस तेलाचा ओघळ दिसला तर ती गाडी त्या दिवशी मालावर पाठवू नये. येथे प्रश्न पैशाचा नसून ड्रायव्हरच्या जिवाचा आहे. सीलबरोबर लायनिंगही बदलावी; पेट्रोलने धुऊन तीच पुन्हा बसविणारे कारागीर असतात, पण लायनिंगमध्ये मुरलेले तेल तापताच पुन्हा वर येते.

आता पुढच्या चाकांच्या गाडीत सील बदलण्याचे काम कसे चालते ते पाहू. चाक जमिनीवर असतानाच, ब्रेक दाबून, हबच्या मधली मोठी नट सैल करतात, कारण चाक अधांतरी असताना ती ताकद लावता येत नाही. मग गाडी जॅकवर उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवितात. केवळ जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली शिरत असेल तर त्यास मालकाने तेथेच थांबवावे. या एका बाबतीत भीडभाड ठेवू नये. त्यानंतर तेल काढतात. येथे जाणत्या कारागिराची खूण अशी की, तो खालचा तेल सोडण्याचा बोल्ट उघडण्यापूर्वी वरचा तेल भरण्याचा बोल्ट सुटतो की नाही हे पाहतो. वरचा बोल्ट गंजून अडकला असेल आणि खालून तेल सोडून दिले असेल, तर गाडी तेलाविना जागेवर खिळते.

पुढे चाक काढून, खालचा बॉल जॉइंट सोडवून हब बाहेर ओढतात, म्हणजे शाफ्टचे बाहेरचे टोक मोकळे होते. आतले टोक डिफरन्शियलमध्ये एका तारेच्या लॉक रिंगने अडकलेले असते. ते पहार लावून, पेटी आणि जॉइंट यांच्यामधून हलक्या झटक्याने बाहेर काढावयाचे असते. शाफ्टलाच धरून ओढले तर जॉइंट आतल्या आत सुटतो आणि एका कामाची दोन कामे होतात. काही गाड्यांत दोन्ही शाफ्ट एकाच वेळी बाहेर काढले तर डिफरन्शियलमधील बाजूची चाके जागेवरून घसरतात व मग पेटी उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून एक बाजू पूर्ण करून मगच दुसरीस हात घालणे हा सुरक्षित नियम होय. शाफ्ट बाहेर असताना गाडी चाकांवर ढकलू नये, कारण अनेक गाड्यांत हबचे बेअरिंग त्या मधल्या नटीच्या दाबावरच एकत्र राहते.

जुने सील काढताना लोखंडी कडे वाकले तरी चालते, पण पेटीच्या भोकाला ओरखडा पडता कामा नये. ॲल्युमिनियम नरम असते. पेचकसाची एक खोल रेघ म्हणजे तेलाला कायमची वाट. काढण्यापूर्वी जुने सील किती आत बसले होते हे मोजून ठेवावे. डाव्या व उजव्या बाजूचे सील पुष्कळदा एकसारखे नसते. काहींच्या ओठावर तेल आत परतविणाऱ्या तिरप्या रेघा असतात, आणि त्या शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेस अनुरूप असाव्या लागतात. अशा सीलवर बाणाची खूण असते. बाजू चुकली तर नवे कोरे सीलच तेल बाहेर उपसते.

नवे सील बसविण्यापूर्वी त्याच्या ओठाला गिअर ऑइल लावावे व दोन ओठांमधील जागेत थोडे ग्रीस भरावे. मग सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या रुंदीचे सॉकेट वा नळकांडे त्यावर टेकवून, हातोडीचे हलके ठोके चारी बाजूंनी सारखे देत ते सरळ आत न्यावे. एका बाजूस ठोकलेले सील तिरपे बसते, आणि ठोक्याच्या धक्क्याने आतली बारीक स्प्रिंग निसटली तर ते बाहेरून दिसतही नाही. शाफ्ट परत घालताना त्याच्या टोकावरील खाचा ओठावर घासू देऊ नयेत. नव्या सीलांपैकी कितीतरी याच क्षणी कापली जातात. शाफ्ट दोन्ही हातांनी तोलून, मध्यावर धरून, सरळ आत सरकवावा. टोकाची लॉक रिंग नवी घालावी. ती जागी बसली की टक् असा आवाज येतो. त्यानंतर जॉइंटचे अंग धरून हलके बाहेर ओढून पाहावे, ते निघून येता कामा नये. हबची नटही नवीच घालावी आणि पुस्तिकेत दिलेल्या बळाने, टॉर्क पान्याने आवळावी. अंदाजाने आवळलेली नट हबच्या बेअरिंगचे आयुष्य कमी करते.

तेलाविषयी दोन शब्द. पुष्कळ छोट्या गाड्यांच्या हाताच्या गिअरबॉक्सला जीएल-४ वर्गाचे, ७५डब्ल्यू-९० वा त्याच्या जवळपासच्या घट्टपणाचे तेल सांगितलेले असते. जीएल-५ हा आकडा मोठा म्हणून तेल अधिक चांगले, असे नव्हे. त्यातील काही रसायने गिअरमधील पितळी कड्यांना बाधक ठरू शकतात. ज्या गाड्यांत क्लच व गिअर यंत्राने आपोआप पडतात, पण आत नेहमीचाच गिअरबॉक्स असतो, त्यांनाही बहुधा असेच गिअर ऑइल लागते; खऱ्या ऑटोमॅटिकचे तेल वेगळे. पुस्तिकेत लिहिलेलेच तेल, गाडी सपाट जमिनीवर ठेवून, भरण्याच्या भोकाच्या काठाशी येईपर्यंत भरावे व जास्तीचे बाहेर वाहू द्यावे. गळती थांबविण्यासाठी तेलात मिसळावयाची औषधे बाजारात मिळतात. ती रबर फुगवितात आणि काही दिवस थेंब थांबतात. परगावी अडकलेल्या माणसाने घरी पोचण्यापुरती ती वापरावी, त्यापलीकडे त्यांवर विसंबू नये.

व्यवहाराच्या बाजूने आमचे म्हणणे थोडेच आहे. या कामात खर्च सीलचा नसतो, शाफ्ट काढण्याघालण्याच्या मजुरीचा असतो. म्हणून क्लचच्या कामासाठी शाफ्ट निघणारच असतील तर दोन्ही बाजूंची सील त्याच वेळी बदलून घ्यावीत. तसेच बूट फाटला असेल तर तोही तेव्हाच बदलावा. उलट, एका बाजूचे सील गळते म्हणून गिअरबॉक्स उघडून पाहिला पाहिजे असे कोणी म्हणाल्यास, शाफ्टमधील खेळ, तेलातील धातूचा चुरा किंवा वेगातली घरघर यांपैकी काय आढळले ते आपल्या डोळ्यांना व कानांना दाखविण्यास सांगावे. काढलेले सील परत मागून घ्यावे. त्याचा ओठ कडक आहे की नरम, एका बाजूस झिजला आहे की सर्वत्र सारखा, यावरून रोगाचे कारण बरेचसे उमगते. विजेच्या गाडीतही हा विषय सुटत नाही. तिला गिअर बदलावे लागत नसले तरी मोटारीचा वेग कमी करणारी दात्यांची पेटी, त्यातले तेल आणि दोन्ही बाजूंची सील ही असतातच.

गाडी घरी आल्यावर दोन-तीन दिवस रात्री पुन्हा पुठ्ठा पसरावा. पहिल्या दिवशी बाहेर सांडलेल्या तेलाचा एखादा थेंब पडेल, त्याची काळजी नको. तिसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा असला पाहिजे. पाचशे किलोमीटरनंतर तेलाची पातळी एकदा पाहून घ्यावी. काढलेले जुने तेल गटारात वा विहिरीच्या आसपास ओतू न देता डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे, आणि सील बदलल्याची तारीख, किलोमीटर व कोणती बाजू हे गाडीच्या वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वेळी मिस्त्री पहिला प्रश्न तोच विचारील.